सोनं बसेपर्यंत

खोकला आला आणि सोनं उडालं.

सोनं म्हणजे वर्ख. इतका पातळ की बोटाने धरायला जावं तर बोटालाच बिलगून बसावा, आणि इतका हलका की शेजारच्या खोलीत कुणी उसासा टाकला तरी जागचा हलावा. म्हणून तर त्या मागच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या होत्या, पंखा बंद होता आणि दाराच्या फटीशी जुनं पांघरूण सारून ठेवलं होतं. पाट्या रंगवणाऱ्याने रुंद मऊ कुंचल्यावर वर्खाचा तुकडा झेलला होता, काळ्या पाटीवरच्या ‘च’च्या पोटाशी नेला होता. आता फक्त एक फुंकर घालायची. झोपलेल्या बाळाच्या कपाळावरची बट बाजूला करावी तशी. फुंकर ओठांपर्यंत आली, आणि तिच्या पाठोपाठ छातीतून खोकला धावत आला, तिला ढकलून पुढे झाला आणि बाहेर पडला.

वर्ख छतापर्यंत गेला, दोन गिरक्या घेतल्या आणि खाली येऊन थेट त्याच्या मिशीवर बसला.

बायको समोरच होती. चामड्याच्या छोट्या गादीवर वर्ख पसरून सुरीने त्याचे तुकडे करून देणं हे तिचं काम. तिने सुरी खाली ठेवली, पदर तोंडावर धरला आणि हसू आवरेना तेव्हा सोडून दिला.

“लग्नात म्हणाला होतात, तुला सोन्याने मढवीन,” ती म्हणाली. “मी वाट बघत बसले आणि तुम्ही स्वतःच मढून मोकळे झालात.”

तोही हसला. पण हसता हसता त्याला पुन्हा खोकला आला, आणि मग मात्र दोघांचंही हसू थांबलं.

कारण ही पाटी दुसऱ्या कुणाची असती तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याची पाटी असती तर त्याने अक्षरं आखून दिली असती, पिवळा रंग भरला असता, सोन्याचं नाव काढलं नसतं. ही पाटी लेकीची होती. लेक चष्मे बनवायला शिकलेली. काचा घासायच्या, चौकटीत बसवायच्या, नाकावर ठेवून बघायच्या. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात मान मोडून काम केल्यावर आता कोपऱ्यावर तिचं स्वतःचं दुकान होत होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून नमस्कार करावा एवढी जागा. पण काच लखलखीत होती, आणि दारावर एकच शब्द यायचा होता: चष्मे. ज्याला धड दिसत नाही त्यालासुद्धा रस्त्यापलीकडून दिसेल एवढा मोठा.

मागच्या वेळी घरी आली तेव्हा बापाचा खोकला ऐकून तिने त्याच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं होतं. मग अगदी हळू म्हणाली होती, “बाबा, आजकाल दिव्यांच्या पाट्या तयार मिळतात. तुमच्या छातीला त्रास नको.”

तिने मायेने म्हटलं होतं, पण ते वाक्य त्याच्या घशाशी माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. गावभर ज्याची अक्षरं, त्याच्या लेकीच्या दारावर कारखान्यातून आलेली पाटी. का, तर बापाला फुंकर घालता येईना.

तेव्हा त्याने ठरवलं, सिगारेट सोडायची. ठरवायला काही वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्याला: सोडायची कशी?

याबाबतीत घरात एक जाणकार होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा आणि सिगारेट सोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सोडण्याचा त्याला इतका सराव झाला होता की दर थंडीत एकदा आणि दर उन्हाळ्यात एकदा तो सोडत असे. मेहुण्याने भावजींना समोर बसवून, स्वतःची शिलगावून, सगळं समजावलं. एकदम तोडायचं नाही. बस कशी, आधी वेग कमी, मग ब्रेक. प्रत्येक सिगारेट कात्रीने अर्धी कापायची. महिन्याभरात पाव, मग चिमूटभर, मग नुसता वास. हे सांगताना त्याची सिगारेट संपली, म्हणून त्याने दुसरी काढली आणि आठवण झाल्यासारखी ती अर्धी मोडली.

पाट्या रंगवणाऱ्याला ही युक्ती पटली. सरळ मापाचं काम होतं आणि मापाचं काम त्याला आवडे. त्याने बायकोची शिवणाची कात्री घेतली, तिने ती परत घेतली, मग त्याने पत्रा कापायची कात्री घेतली आणि सगळं पाकीट नीट निम्मं केलं.

पाटीवरचं वाळलेलं वार्निश खरवडून त्याने ‘च’ला पुन्हा वार्निश लावलं. वर्ख धरून ठेवतं ते हे वार्निश. ते ओलं असतं तेव्हा सोनं त्यात बुडतं आणि काळवंडतं, कोरडं झालं की सोनं त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक घटका असते, हळवी, चिकट, आणि सोनं बसतं ते तेवढ्यातच. ती घटका ओळखायला लोक अक्षराच्या कडेला बोटाचं पेर टेकवून बघतात. त्याला त्या लोकांची गंमत वाटे. त्याच्या उस्तादाने पोरवयात त्याला एकच मंत्र दिला होता: वार्निश लाव, बाहेर जाऊन एक ओढून ये, मग सोनं लाव. सगळा जन्म तो मागच्या दाराच्या पायरीवर बसून एक ओढून आला होता आणि त्याचं सोनं कधी चुकलं नव्हतं. ते हुकायला लागलं या खोकल्यापायी.

त्या दिवशी तो पायरीवर बसला, अर्धी ओढली आणि आत आला. खोकला खरंच जरा कमी होता. फुंकर घातली, वर्ख बसला. बसला आणि बुडाला. बघता बघता सोन्याचं पितळ झालं, पितळाचं चिखल.

त्याने वार्निशाच्या डब्याला दोष दिला, डबा विकणाऱ्याला दिला, ढगांना दिला. बायको ओल्या फडक्याने गादी पुसत होती. ती म्हणाली, “अहो, सिगारेट अर्धी केलीत तशी वाट पण अर्धीच पाहिलीत की.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हातातल्या अर्ध्या पाकिटाकडे. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आता आलं तर पेच पडला. ओढावी तर खोकला सोनं उडवणार. न ओढावी तर घटका चुकणार. उस्तादाने मंत्र दिला होता, पण मंत्रात धूर होता.

औषधांच्या दुकानातल्या बाईंकडे तो गेला तो असा, दोन्हीकडून अडलेला. बाई चटपटीत होत्या, बोलताना बाटल्यांची लेबलं रस्त्याकडे वळवत राहायच्या. त्यांनी त्याला सिगारेटची तलफ मारणाऱ्या, चघळायच्या गोळ्या दिल्या आणि कशा चघळायच्या तेही सांगितलं. भराभर नाही, दोन-चारदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा. त्याने आज्ञाधारक मुलासारखं तसंच केलं. वार्निश लावून पायरीवर बसला, चावला, गालात ठेवली, चावला, गालात ठेवली. चव जाईपर्यंत बसायचं असं त्याने आपलं आपणच ठरवलं. चव काही जाईना. शेजारची मांजर येऊन त्याच्या तोंडाकडे बघून गेली, हा माणूस रवंथ कधीपासून करायला लागला. शेवटी तो आत आला तोवर वार्निश सुकून कडकडीत. वर्ख अक्षरावर ठेवला तर तो घसरगुंडीवरून उतरल्यासारखा खाली आला आणि बायकोच्या मांडीवर जाऊन बसला.

“चला,” ती म्हणाली, “थोडं थोडं करून मढवताय खरं.”

पाटी पुन्हा खरवडली गेली. लेकीच्या दुकानात आरसे लागले, खुर्ची आली, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आला. दारावरची जागा तेवढी रिकामी. ती येताजाता पाटीबद्दल काही विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणंच त्याला टोचत होतं.

मग बाईंनी दंडावर लावायची पट्टी दिली. पट्टीने सकाळची सिगारेट गेली. जेवणानंतरची गेली. चहाबरोबरची तर अशी गेली की त्याला आठवलंसुद्धा नाही, दुपारी एकदम ध्यानात आलं आणि तो स्वतःशीच हसला. फक्त खोड ती खोड. अंघोळीनंतर पट्टी लावली की तो बोटाचं पेर तिच्यावर टेकवून बघायचा आणि गंभीर चेहऱ्याने बायकोला सांगायचा, हिच्यावर आता सोनं बसणार नाही. लोकांच्या ज्या सवयीला आपण हसत आलो तीच आपल्या दंडावर चालू आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सुरुवातीला खोकला उलट वाढला. तो घाबरून बाईंकडे गेला, तेव्हा त्यांनी सांगितलं, छाती आपलं घर झाडायला लागली आहे, झाडताना धूळ उडतेच, आणि लांबला तर डॉक्टरांना दाखवा. काही आठवड्यांत धूळ खरंच बसत गेली. आणि एका सकाळी त्याला वास आले. साबणाचा, ओल्या लाकडाचा, बायकोच्या केसांतल्या तेलाचा. एवढ्या वर्षांचं हे तेल, आणि त्याला वाटलं होतं की तिने ते केव्हाच बदललं.

राहिली होती ती एकच. पायरीवरची.

बाईंनी लेबलं वळवता वळवता सरळच विचारलं होतं, “सगळ्या सुटल्या आणि एक सुटत नाही, तर त्या एकीत काय आहे ते बघा. धूर हवाय की दुसरं काही?”

दुसरं काही म्हणजे घड्याळ, असं त्याने मनात उत्तर दिलं. पण खऱ्या घड्याळाने ते जमेना. लेकीने त्याला गजर लावून दिला. दमट दिवशी गजर वाजला तेव्हा वार्निश ओलं, उन्हाच्या दिवशी वाजला तेव्हा कोरडं. पाटी इतक्यांदा खरवडली गेली की बायको म्हणाली, आता पाटीतून पलीकडचं दिसायला लागेल, मग चष्म्याची गरजच नाही.

आणि मग दुकान उघडायला मधे एकच दिवस उरला. बाकीची अक्षरं पिवळ्या रंगाने आखून सोन्याची वाट बघत होती. मेहुणा बस आगारात लावून आला होता. सगळं ऐकून त्याने खिशातून एक सिगारेट काढली, अख्खी, आणि भावजींच्या हातावर ठेवली. पाटीपुरती, तो म्हणाला. ही एक ओढा, सोनं लावा, उद्यापासून पुन्हा सोडा. सोडण्यात काय एवढं, मी कितीदा सोडली.

पाट्या रंगवणाऱ्याने सगळ्या अक्षरांना वार्निश लावलं आणि तो पायरीवर जाऊन बसला. सिगारेट बोटांत होती, काडेपेटी मांडीवर होती. पायरीशेजारी रंगाचा जुना डबा होता, ज्यात तो थोटकं टाकत असे. दुपार स्वच्छ होती, समोरच्या भिंतीवर ऊन अंग टाकून पडलं होतं. एक काडी, आणि सगळं पूर्वीसारखं. पण पूर्वीसारखं म्हणजे पूर्वीचा खोकलाही. आणि उद्यापासून पुन्हा सोडणं म्हणजे काय, ते मेहुण्याच्या खिशाकडे बघून कळतच होतं. त्याने काडी काढली.

बायको कपड्यांची बादली घेऊन दारात आली. सिगारेट तिने पाहिली. ओरडली नाही. बादली ठेवली, पदर खोचला आणि पाऊल पुढे टाकून रंगाच्या डब्यात डोकावली.

“रिकामाच आहे अजून,” ती म्हणाली. “आता चादरी धुऊ की नको, कसं कळायचं मला?”

त्याला काही उमगेना. काडी तशीच हातात राहिली.

मग ती त्याच्याजवळ पायरीवर टेकली आणि तिने सांगितलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून डबा तीच रिकामा करत आली होती. नाक मुरडत का होईना, थोटकं बघत होती. ऊन कडक असलं, हवा सुकी असली की डब्यात लांब थोटकं सापडायची, अर्ध्यावर टाकलेली. हवा ओली असली की टोकाच्या कापसापर्यंत जळालेली, आणि एकीच्या जागी दोन. पहिल्या वर्षीच तिला हे उमजलं. तेव्हापासून डब्यात लांब थोटूक दिसलं की ती चादरी भिजवायची, आणि आखूड दिसलं की रुमालांवर भागवायची. कपडे कधी आंबट राहिले नाहीत.

“मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल,” ती म्हणाली. “सिगारेटीला काय कळतंय वार्निश वाळलं की नाही ते? तुम्हाला कळायचं. कळलं की टाकून उठायचात. कधी अर्धी, कधी दोन.”

त्याने हातातल्या काडीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर सगळ्या जन्माच्या दुपारी उभ्या राहिल्या. हातात पेटलेली, आणि एकदम काहीतरी म्हणतं, ऊठ. काय म्हणायचं ते? हवेचा हात मानेवरून फिरायचा, दारातून येणारा वार्निशाचा वास बदलायचा, कुठेतरी कातडीला समजायचं. आणि तो उठायचा. उस्ताद त्याला एक ओढून ये म्हणाला होता, ते उतावीळ पोराने जरा बाहेर बसावं म्हणून. पोराने बसण्याऐवजी ओढणं धरून ठेवलं होतं.

त्याने काडी पेटीत परत घातली. सिगारेट डब्यात टाकली, अख्खीच.

“बाप रे,” बायको डब्यात बघत म्हणाली. “एवढं लांब थोटूक. आज तर गाद्यासुद्धा धुवायला हव्यात.”

पण वाट तर बघायचीच होती, आणि हात रिकामा होता. रिकामा हात मिशीकडे जायचा, खिशाकडे जायचा. तिने तो हात आपल्या ओल्या हातात घेतला आणि सहज, कपडे धुताना गुणगुणायची तशा चालीत म्हणाली:

“पायरी बाई पायरी, बसले तुझ्यापाशी,
कारभारी माझा आज धुराविना उपाशी.”

तो लाजला. मेहुणा स्वयंपाकघरात होता, ऐकत असणार. पण चाल अशी की पुढचं पाऊल आपोआप पडावं.

“उपाशी मी कसला गं, शेजारी आहे राणी,
तिच्या टोमण्यांची मला रोजची मेजवानी.”

आतून मेहुण्याच्या हातातलं भांडं पडलं. ही दोघं मात्र आता ऐकणार नव्हती. तिने मिशीवरच्या सोन्याचं कडवं रचलं, त्याने चादरींचं रचलं. तिने भावाच्या सोडण्यावर एक जोडलं, ते मोठ्याने म्हटलं, आणि आतून निषेधाचा खाकरा आला. ऊन भिंतीवरून वीतभर सरकलं. आणि एका कडव्याच्या मध्यावर, यमक तोंडाशी आलेलं असताना, तो थांबला.

दारातून येणारा वार्निशाचा उग्र वास मऊ झाला होता. इतका स्पष्ट वास त्याला आजवर कधी आला नव्हता, मधे धूर असायचा. मानेवर हवा फिरली. काहीतरी म्हणालं, ऊठ.

“यमक?” ती म्हणाली.

“नंतर,” तो म्हणाला आणि उठला.

आत गेल्यावर त्याने एक गोष्ट केली जी कधी केली नव्हती. ‘च’च्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, बोटाचं पेर टेकवलं. वार्निशाने बोट धरलं, किंचित ओढलं आणि बारीकसा आवाज करून सोडलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने दार लावलं, पांघरूण सारलं आणि सुरी उचलली.

वर्ख कुंचल्यावर आला. काळ्या पाटीपाशी थरथरला. त्याने श्वास घेतला. तो खोल गेला, वाटेत कुठे अडखळला नाही, कुणाला उठवलं नाही. ओठ जुळले. फुंकर निघाली. वर्ख क्षणभर हवेत राहिला, जणू खरंच का म्हणून विचारत होता, आणि मग ‘च’च्या पोटावर आडवा झाला. सुरकुती नाही, चीर नाही. बायकोने दुसरा तुकडा दिला. मग तिसरा. पार शेवटच्या मात्रेपर्यंत एकही तुकडा उडाला नाही.

शेवटी त्याने मऊ कापसाने अक्षरं पुसली, उडालेले कण झटकले, आणि राहिलेलं यमक पुरं केलं, अगदी हळू, सोन्याला जाग येऊ नये असं:

“सोनं माझं हलकं गं, श्वासानेही उडतं,
लेकीच्या दारावर येऊन कायमचं जडतं.”

दुसऱ्या सकाळी पाटी चढली. मेहुणा बस घेऊन समोरून गेला तेव्हा त्याने भोंगा वाजवला, आणि नंतर शपथेवर सांगितलं की चौकापासून वाचता आली, डोळे बारीक न करता. त्याने त्याच दिवशी पुन्हा सिगारेट सोडली. यावेळी औषधवाल्या बाईंना विचारून.

लेक रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. स्वतःचा चष्मा काढला आणि पाटीकडे बघितलं. तिला चष्म्याशिवाय सगळं धुकं दिसे. त्या धुक्यात एक सोनेरी शब्द होता. तिने चष्मा परत लावला, बापाकडे आली आणि त्याच्या मिशीला चिकटून राहिलेला सोन्याचा एक कण अंगठ्याने टिपून घेतला.

“हा मी ठेवते, बाबा,” ती म्हणाली.

पायरी अजून तिथेच आहे. रंगाच्या डब्यात बायकोने मोगरा लावलाय. वार्निश लावलं की तो तिथे जाऊन बसतो. तिला वेळ असला तर तीही येऊन टेकते आणि दोघं मिळून शेजाऱ्यांवर कडवी रचतात. वेळ नसला तर तो नुसता मान उघडी टाकून हवा बघतो, मोगऱ्याचा वास घेतो, वार्निशाचा घेतो. आणि उठायची घटका लवकर आली, की आत जाण्याआधी मोरीकडे तोंड करून हाक मारतो:

“अगं, चादरी भिजव.”